बांधाची हद्द: मोबाइल ॲप, महाभूनकाशा की सरकारी मोजणी?

तारेचं कुंपण घालायचं असो, जमीन घ्यायची असो किंवा शेजाऱ्याने बांध कोरल्याचा संशय असो, हात आधी मोबाइलकडे जातो. जमीन मोजायची ॲप फुकट मिळतात आणि महाभूनकाशा, म्हणजे सरकारी संकेतस्थळावरचा गटांचा नकाशाही, घरबसल्या दिसतो. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात सरकारी मोजणीसाठी अर्ज करायचा विचार त्यानंतर येतो. कोणतं साधन कशासाठी वापरायचं हे आधी ठरलं नाही, तर पुढचं भांडण अटळ.

मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आभाळाखाली साधारण 5 मीटर इकडेतिकडे जागा दाखवतो. झाडीखाली किंवा भिंतीलगत चूक वाढते. बांधावरच्या दगडावर फोन ठेवा आणि थोडा वेळ नुसतं पाहत राहा. फोन जागचा हलत नाही, पण निळा ठिपका कधी तुमच्या रानात असतो, कधी शेजाऱ्याच्या. 100 मीटर लांबीच्या बांधावर रेघ 5 मीटर सरकली, तर 500 चौरस मीटर, म्हणजे जवळपास 5 गुंठे इकडचे तिकडे होतात. एवढ्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत.

क्षेत्र काढायला मात्र हेच ॲप बऱ्यापैकी चालतं. एका फेरीत सगळे कोपरे बहुधा एकाच बाजूला सरकतात, त्यामुळे जागा चुकली तरी आकार फारसा बिघडत नाही. ठिबकचा अंदाज, नांगरटीची मजुरी, उसाची लागण यासाठी खुशाल वापरा. दोन-चार गुंठ्यांच्या तुकड्याला नको. आणि ॲप मोजतं ते तुम्ही जिथून चाललात ते, म्हणजे वहिवाट. मालकी कुठवर आहे हे त्याला कळायचा मार्गच नाही.

महाभूनकाशावर गट नंबर टाकला की गटाचा आकार आणि आजूबाजूचे गट दिसतात. सौद्याआधी हे पाहायलाच हवं. दलाल दाखवतो ते रान आणि सातबाऱ्यावरचा गट एकच आहे का, याचा पहिला अंदाज इथेच येतो. पण हे मुळात कागदावरचे जुने गाव नकाशे आहेत. 1:5000 प्रमाणाच्या नकाशावर 1 मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर 5 मीटर भरते. बोटांनी कितीही मोठं करून पाहिलं तरी अचूकपणा वाढत नाही. शिवाय भावकीत वाटण्या होऊन सातबारे वेगळे झाले, तरी पोटहिस्से नकाशावर चढलेले नसतात, हे फार ठिकाणी दिसतं. हा नकाशा उपग्रहाच्या चित्रावर चढवून त्यावरून खांब रोवणं तर मला धोक्याचंच वाटतं.

खांब रोवायचे असतील तर सरकारी मोजणीच करा. रोव्हर, म्हणजे मोजणीचं उपग्रहाच्या आधारे चालणारं यंत्र, सेंटिमीटरपर्यंत जागा दाखवतं हे खरं, पण त्याहून मोलाचं म्हणजे भूमापक टिपण, फाळणी, गटबुक असा मूळ अभिलेख घेऊन येतो आणि लगतच्या खातेदारांना आधी नोटीस गेलेली असते. 1 डिसेंबर 2024 पासूनच्या दरांनुसार ग्रामीण भागात 2 हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला 2000 रुपये आणि द्रुतगतीला 8000 रुपये फी आहे. 5 गुंठ्यांच्या किमतीपुढे ही रक्कम काहीच नाही. वाट पाहावी लागते, ही खरी अडचण. म्हणून कुंपणाचं सामान आणण्याआधीच अर्ज टाका.

मोजणीच्या दिवशी पीक उभं नसेल, झुडपं तोडलेली असतील असं पाहा. खुणा दाखवल्या की शेजाऱ्यांच्या देखत लगेच दगड किंवा खांब रोवा. चुन्याची फक्की पहिल्या पावसात जाते. नंतर ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, मागून घ्या. मोजणी पटली नाही, तर निमताना मोजणीचा, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणीचा, अर्ज करता येतो.