गेमिंग आणि एडिटिंगचं मशीन: आधी फुटेज बघा, मग प्रोसेसर

गेमिंग आणि एडिटिंग दोन्ही करायचंय, प्रोसेसर कुठला घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, फुटेज कुठल्या फॉरमॅटमध्ये येतं? बहुतेकांना ते सांगता येत नाही, पण ग्राफिक्स कार्ड कुठलं घ्यायचं ते मात्र पक्कं ठरलेलं असतं. मी माझं मशीन बरोबर उलट्या क्रमाने जुळवलं. आता त्यावर रोजचं काम चाललंय, तेव्हा कुठला पार्ट कामाचा निघाला आणि कुठला नुसताच दिखाऊ, ते सांगते.

माझं काम म्हणजे मुलाखती आणि रंगमंचावरचे कार्यक्रम, दोन-तीन कॅमेऱ्यांवर शूट केलेले. एडिटिंग डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरच्या स्टुडिओ, म्हणजे विकतच्या आवृत्तीत. रात्री गेम, १४४०पी मॉनिटरवर, जास्त करून रेसिंग आणि मोठे ओपन वर्ल्ड. कॅमेरे सोनीचे, फाईल एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत), १०-बिट, ४:२:२ (रंगाची माहिती किती साठवली त्याचा आकडा). घोडं अडतं ते या शेवटच्या आकड्यापाशी.

४:२:२ मध्ये रंगाची माहिती नेहमीच्या ४:२:० च्या दुप्पट असते. ग्रेडिंगला, म्हणजे रंग सुधारायला, आणि ग्रीन स्क्रीन कापायला याचा चांगला उपयोग होतो. पण ही फाईल टाइमलाइनवर चालताना सतत डिकोड करावी, म्हणजे उलगडावी लागते, आणि ते करणारं खास हार्डवेअर प्रत्येक चिपमध्ये नसतं. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेपर्यंतच्या कार्डांत ४:२:२ चं डिकोडिंग नाहीच. रायझन ७००० च्या अंगभूत ग्राफिक्समध्येही नाही. इंटेलच्या क्विक सिंकमध्ये (अंगभूत ग्राफिक्समधलं व्हिडिओ डिकोड करणारं हार्डवेअर) मात्र एच.२६५ साठी ते अकराव्या पिढीपासून आहे. म्हणून होतं काय, की तगडं कार्ड असूनही साधा मल्टिकॅम, म्हणजे एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांचं फुटेज, अडखळतो. प्रोसेसरचे सगळे कोअर घामाघूम आणि कार्ड निवांत बसलेलं. लोकांना वाटतं कार्ड कमी पडतंय, आणि ते त्याहून मोठं कार्ड आणतात.

माझ्याकडे आरटीएक्स ४०७० सुपर आधीपासून होतं आणि ते बदलायचं नव्हतं. तिथेच प्रोसेसर ठरला: इंटेल कोअर अल्ट्रा ७ २६५के. एकूण २० कोअर, ८ परफॉर्मन्सचे आणि १२ एफिशियन्सीचे. नाव मात्र शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. २६५केएफ घेतलात तर अंगभूत ग्राफिक्स नाही, म्हणजे क्विक सिंकही नाही. ‘कार्ड आहेच ना, मग एफवालं घ्या’ हा सल्ला नुसतं गेम खेळणाऱ्याला ठीक आहे. माझ्यासारखीने तो ऐकला तर मशीन घेण्याचं कारणच गेलं.

कार्ड लावलं की काही मदरबोर्ड अंगभूत ग्राफिक्स आपणहून बंद करतात. माझ्या बोर्डनेही केलं होतं. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ते चालू ठेवायचं, मग रिझॉल्व्हच्या प्रेफरन्सेसमध्ये डिकोडच्या पर्यायांत इंटेलवर टिक करायची. खात्री करायची असेल तर टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये दोन जीपीयू दिसतात. टाइमलाइन सुरू केली की इंटेलच्या पानावर ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख झपकन वर जातो, प्रोसेसरचा खाली बसतो, आणि एनव्हिडियाचं कार्ड ग्रेडिंगला मोकळं राहतं. तीन कॅमेरे, ४के, प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, न बनवता. स्पेसबार दाबला की चालतं, भराभर स्क्रब केलं तरी लंगडत नाही. या एका गोष्टीसाठी मी या प्रोसेसरला पैकीच्या पैकी मार्क देते. अट एवढीच, की शूट एच.२६५ मध्ये हवं. त्याच कॅमेऱ्यातून एच.२६४ मध्ये १०-बिट ४:२:२ काढलंत तर क्विक सिंक हात वर करतं.

गेममध्ये? तिथे मार्क कापावे लागतील. निव्वळ गेमिंगला एएमडीचा रायझन ७ ७८००एक्स३डी या चिपच्या पुढे आहे. ८ कोअर, पण ९६ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी), आणि गेमना ती कॅशेच लागते. कमी रिझोल्यूशनवर, वरच्या रिफ्रेश रेटला स्पर्धात्मक शूटर खेळणाऱ्याला हा फरक ठसठशीत दिसेल. मी १४४०पी वर सगळ्या सेटिंग चढवून खेळते, तिथे आधी दमतं ते कार्ड, प्रोसेसर त्याची वाट बघत बसतो. त्यामुळे मला काही टोचत नाही.

आणि हेही सांगायला हवं, की कार्ड नवं घेणार असाल तर माझं वरचं अर्धं म्हणणं बाद होतं. आरटीएक्स ५० मालिकेत ४:२:२ चं डिकोडिंग कार्डातच आलंय, एच.२६४ चंसुद्धा. मग क्विक सिंकसाठी इंटेलच घ्यायचं कारण उरत नाही. अशा वेळी मी बेलाशक एक्स३डी घेईन. एक्सपोर्ट आणि इफेक्ट्स जास्त असतील तर १६ कोअरचा ९९५०एक्स३डी. शिवाय हे प्रोसेसर ज्यात बसतात तो एएम५ सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालवू, असं एएमडीने जाहीर केलंय.

इंटेलचाच आधीच्या पिढीचा १४७००के पण मी बघितला होता. गेममध्ये तो २६५के पेक्षा कमी नाही, क्विक सिंकही आहे. पण १३व्या-१४व्या पिढीच्या चिपांना जादा व्होल्टेजचा त्रास झाला, २०२४ मध्ये इंटेलला मायक्रोकोड (चिपच्या आतलं सॉफ्टवेअर) दुरुस्त करून वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. मी रात्री एक्सपोर्ट लावून झोपणारी बाई. मला ती धाकधूक नको होती.

रॅम ६४ जीबी, ३२ च्या दोन कांड्या. चार कांड्या लावून चारही स्लॉट भरलेले छान दिसतात, पण डीडीआर५ मध्ये चार लावल्या की वेग खाली आणावा लागतो. पुढे वाढवू म्हणून १६ च्या दोन घेऊ नका, एकदाच काय ते घ्या. आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायचं सेटिंग) चालू करा, नाहीतर वरच्या वेगाची रॅम घेऊन ती मूळच्या कमी वेगानेच पळत राहते.

एसएसडीच्या डब्यावरचा वाचनाचा वेग बघून हुरळून जाण्यात अर्थ नाही. माझ्या कॅमेऱ्याची जड फाईल सेकंदाला २०० मेगाबिटची, म्हणजे २५ मेगाबाइट. तीन कॅमेऱ्यांचे ७५. सेकंदाला ७,००० मेगाबाइट वाचणारी जेन४ एसएसडी तिथे काय करणार? जेन५ तर नकोच, तापते फार. बघायचं ते मेमरीचा प्रकार, टीएलसी की क्यूएलसी. शूटवरून आल्यावर कॅमेऱ्यांची सगळी मेमरी कार्डं एका दमात ओतली की क्यूएलसीची कॅशे भरते आणि लिहिण्याचा वेग धाडकन पडतो. माझ्याकडे सिस्टीमला एक आणि चालू प्रोजेक्टला एक, दोन्ही टीएलसी. जुनं काम साध्या हार्ड डिस्कवर.

कूलर दोन टॉवरचा एअर कूलर, केस पुढून जाळीची. लिक्विडचा हट्ट धरला नाही. याच खोलीत व्हॉइसओव्हर रेकॉर्ड होतो आणि मला पंपाची घूंऽऽ नको. पॉवर सप्लाय ८५० वॉटचा, गोल्ड दर्जाचा. हिशेबाने ७५० पुरला असता: कार्ड २२० वॉट, प्रोसेसर जास्तीत जास्त २५०. पण उद्या मोठं कार्ड आलं तर सगळ्या वायरी उपसायच्या नव्हत्या. जुन्या सप्लायच्या मॉड्युलर केबल नव्याला चुकूनही लावू नका. प्लग बसतो, पण आतली जोडणी कंपनीगणिक वेगळी असते, आणि डिस्क जळू शकते.

तक्रारी दोन. मदरबोर्डवरचा दुसरा एम.२ स्लॉट बरोबर कार्डाच्या खाली आहे. एसएसडी बदलायची म्हणजे आधी कार्ड काढा, आणि त्याची खिट्टी अशा बेचक्यात की बोट पोचत नाही, पट्टी घालून दाबावी लागते. ज्याने हा बोर्ड आखला त्याने तो स्वतः कधी जोडून बघितला नसावा.

दुसरी तक्रार कार्डाच्या १२ जीबी मेमरीची. गेममध्ये ती अजून पुरते. पण ४के टाइमलाइनवर टेम्पोरल नॉइज रिडक्शन (अंधारातल्या चित्रातले दाणे काढायची सोय) लावलं, वर एखादा जड इफेक्ट टाकला, की रिझॉल्व्ह जीपीयूची मेमरी भरल्याचा संदेश फेकतं. मग नॉइज रिडक्शन आधी रेंडर करून घ्यायचं आणि पुढे जायचं. अंधारातले कार्यक्रम शूट करणाऱ्यांनी १६ जीबीच्या खाली उतरू नये. या मशीनमध्ये पहिलं काही बदललं तर हे कार्डच बदलेन, बाकी कशाला हात लावायची इच्छा नाही.