किराण्याच्या ऑर्डरवर फोन येतो आणि "हा नंबर डायल करा" म्हणतात, करू नका

इंदूरमधल्या मराठी मंडळींनी, त्यातून ज्यांचे आईबाबा दिवसभर घरी एकटे असतात त्यांनी हे वाचाच. आमच्या आईसोबत झालंय, इथेच सुदामा नगरात.

संकष्टी होती, साबुदाणा संपलेला, म्हणून आईने ॲपवरून साबुदाणा, शेंगदाणे, दही मागवलं. आता हे डिलिव्हरीवाले काही कंपनीचे पगारी नोकर नसतात, ज्याच्याकडे गाडी अन् मोबाईल तो नाव नोंदवतो आणि जमेल तेव्हा ऑर्डरी उचलतो. त्यात काही जण आयडी भाड्यानेही देतात, म्हणजे ॲपमध्ये फोटो एकाचा आणि दारात उभा दुसराच. म्हणून अनोळखी नंबरवरून फोन आला तरी कुणाला काही वाटत नाही, आणि या भामट्यांना नेमकं तेच हवंय.

फोन आला, "आंटीजी, आपका सामान दूसरे लड़के के पास है, उसको गली नहीं मिल रही, ये नंबर डायल कर दो." नंबर काय, तर स्टार ४०१ स्टार आणि पुढे दहा आकडे. आईने लावला, स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी आलं, तिला वाटलं फोन लागला नाही. पण या कोडने तुमचे सगळे कॉल त्या दहा आकडी नंबरवर फॉरवर्ड होतात. मग तो भामटा त्याच्या फोनवर तुमच्या नंबरचं व्हॉट्सॲप सुरू करतो, ओटीपी कॉलवर मागवतो, आणि तो कॉल थेट त्याच्याकडेच जातो. म्हणजे आईने ओटीपी कुणालाच सांगितला नाही तरी व्हॉट्सॲप गेलं!

थोड्या वेळाने खरा डिलिव्हरीवाला आला, वैतागलेला, "कब से कॉल कर रहा हूँ, कोई आदमी उठाके काट देता है." आई पिशवी हातात घेऊन तशीच उभी, अरे मग मघाशी कोण बोलत होतं?

तोवर मामाला, काकूला, भिशीतल्या बायकांना मेसेज गेलेले, हॉस्पिटलमध्ये पैसे भरायचेत, संध्याकाळी परत करते. मामाने खात्री करायला आईला फोन लावला तर तोही त्या भामट्याकडेच गेला अन् कट झाला, मग घाबरून त्याने अठरा हजार पाठवून दिले. काकू वाचली कारण मेसेज हिंदीत होता, आई तिच्याशी जन्मात हिंदी बोललेली नाही.

असं झालंच तर आधी हॅश हॅश ००२ हॅश डायल करा, सगळं फॉरवर्डिंग बंद होतं. मग व्हॉट्सॲप परत आपल्या फोनवर रजिस्टर करा, तो लगेच बाहेर फेकला जातो. त्याने टू-स्टेप पिन (नव्या फोनवर व्हॉट्सॲप सुरू करताना ओटीपीनंतर मागतात तो) लावून ठेवला असेल तर मात्र तुम्हालाही सात दिवस थांबावं लागतं, तेव्हा हा पिन घरातल्या सगळ्यांच्या फोनवर आजच लावून टाका. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला लगेच फोन, जितका उशीर तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यात सरकतात. आणि डिलिव्हरीवाल्याशी बोलायचंच असेल तर ॲपमधल्या कॉलच्या बटणावरूनच.

हो, पिशवीवरच्या स्टिकरवर नाव-नंबर असतो तो फाडून मगच कचऱ्यात टाका, माझा संशय त्यावरच आहे. ॲपवाल्यांनी "तो नंबर आमच्या रायडरचा नाही" एवढं सांगून तक्रार बंद केली. मामाच्या पैशांपैकी थोडे एका खात्यात होल्ड झालेत, ते सोडवायला सध्या आमच्या बँकेत चकरा चालू आहेत.