हायवेवरचं फास्ट चार्जिंग: पुणे ते गडहिंग्लज, सासूबाईंना घेऊन

नेक्सॉन ईव्ही ही विजेवरची गाडी घेतली तेव्हा घरच्या चार्जिंगची काळजी नव्हती. सोसायटीने पार्किंगमध्ये मीटर बसवून दिला. रात्री वायर लावायची, सकाळी गाडी भरलेली. प्रश्न होता माझ्या माहेरचा. सिंहगड रोडवरून गडहिंग्लज जवळजवळ तीनशे किलोमीटर. आमची बॅटरी ४५ किलोवॅट-तासांची, म्हणजे ४५ युनिटची. गाड्यांची चाचणी घेणाऱ्या एआरएआय संस्थेचा आकडा एका चार्जला ४८९ किलोमीटरचा आहे, पण तो ठरावीक चाचणीतला. चार माणसं, सामान, एसी, ताशी ९०चा वेग आणि वाटेत खंबाटकीचा चढ धरला, तर आमच्या हिशेबाने अडीचशे ते दोनशे साठ. म्हणजे वाटेत एकदा चार्जिंग लागणारच.

त्यात सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या, मधुमेह असलेल्या. दोन तासांच्या वर त्यांना गाडीत बसवून ठेवता येत नाही. गाडी चालवते मी. त्यामुळे स्टेशन निवडताना मी आधी तिथे स्वच्छतागृह आहे का आणि माणूस असतो का ते बघते, किलोवॅटचा आकडा, म्हणजे यंत्र किती वेगाने चार्ज करतं ते, नंतर. नकाशावर ठिपके भरपूर दिसतात, पण या दोन गोष्टी त्यावरून कळत नाहीत.

याचा अनुभव पहिल्याच थांब्यावर आला. साताऱ्याच्या अलीकडे एका कंपनीचं स्टेशन ॲपवर हिरवं, ‘उपलब्ध’ दाखवत होतं. प्रत्यक्षात मोकळ्या प्लॉटच्या कोपऱ्यात एकच यंत्र, स्क्रीन काळी. ना शेड, ना पाण्याची सोय, ना कोणी विचारायला. हेल्पलाइनवरच्या मुलीने “मॅडम, इथून रीस्टार्ट करते, दहा मिनिटं थांबा” असं अगदी नम्रपणे सांगितलं. थांबलो. स्क्रीन काळीच राहिली. बॅटरी चांगली शिल्लक होती म्हणून निघालो. हीच गाडी आठ-दहा टक्क्यांवर आली असती आणि वेळ रात्रीची असती तर? यंत्र बंद पडू शकतं, हे मला मान्य आहे. पण बंद यंत्र ॲपवर चालू दाखवणं मला मान्य नाही. त्या ठिपक्याच्या भरवशावर माणसं म्हाताऱ्यांना, लेकरांना घेऊन घराबाहेर पडतात.

मग कराड ओलांडून, कोल्हापूरच्या दिशेला महामार्गालगत एका हॉटेलच्या आवारात गेलो. इथलं मात्र मनापासून कौतुक करायचं आहे.

गाडी वळताच एक मुलगा धावत आला. “ताई, उलटी लावा, नाहीतर वायर पोचणार नाही.” या एका वाक्यासाठीच मी या स्टेशनला चांगले गुण देईन. यंत्र दोन गनचं (गन म्हणजे वायरीच्या टोकाचा, गाडीत लावायचा प्लग), फलकावर ६० किलोवॅट. त्यानेच सांगितलं की दोन्ही गन चालू असल्या की हे साठ वाटले जातात, दोघांना तीस-तीस. शेजारी गाडी नव्हती, त्यामुळे आम्हाला पूर्ण मिळाले. फलकावरचा आकडा वाचून वेळेचा अंदाज बांधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

क्रमही त्यानेच समजावला. आधी गन गाडीत ‘खट्’ आवाज येईपर्यंत दाबायची, मग ॲपवर सुरू करायचं. उलट केलं तर यंत्र गनची वाट बघून थांबून जातं. पाऊस भुरभुरत होता, सासूबाई काचेतून ओरडल्या, “अगं, शॉक बसेल!” तसा तो बसत नाही. गन गाडीत लॉक होते, गाडी आणि यंत्र एकमेकांशी बोलतात, वायरीतून वीज कुठे झिरपत नाही ना ते तपासलं जातं, आणि मगच प्रवाह सुरू होतो. सुरुवातीला जो अर्धा-एक मिनिट काहीच घडत नाही, तो यातच जातो. त्या वेळात घाबरून गन ओढू नये.

आणखी एक. यंत्रावर लाल, गोल, मोठं बटण असतं, आपत्कालीन. कोणी गंमत म्हणून दाबून जातं आणि यंत्र ठप्प. जवळपास काही धोका दिसत नसेल, तर हेल्पलाइनला विचारून ते फिरवून वर आणायचं. बऱ्याचदा यंत्र पुन्हा सुरू होतं.

३८ टक्क्यांवर लावली, ९० वर काढली, चाळीस मिनिटं लागली. यातली शेवटच्या दहा टक्क्यांची मिनिटं सोडली तरी चाललं असतं. ८० नंतर बॅटरी जपण्यासाठी गाडीच वेग कमी करते, आणि तो चांगलाच कमी होतो. आम्ही थांबलो ते सासूबाईंचं जेवण व्हायचं होतं म्हणून. ज्वारीची भाकरी, भरीत, बिनसाखरेचा चहा, सगळं टेबलावर गरम आलं. स्वच्छतागृहाला पायरी नाही, आत धरायला दांडी आहे, बायकांच्या बाजूला कडी नीट लागते. हे सगळं मी बघून लिहिते आहे.

बिल: २४.६ युनिट, दर २१ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ६०९ रुपये ५९ पैसे. आमच्या गाडीला हे किलोमीटरला साडेचार रुपयांच्या आसपास पडतं. जुन्या पेट्रोल गाडीला साडेसहा पडायचे. घरच्या चार्जिंगपेक्षा मात्र हे बरंच महाग आहे. रोज बाहेरच चार्ज करावी लागणार असेल, तर गाडी घेण्याआधी हा हिशेब कागदावर मांडाच.

पैसे भरण्याची पद्धत मला पटत नाही. प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, वॉलेट वेगळं, आणि त्यात आधी पैसे टाकायचे. माझं औषधांचं दुकान आहे; दहा रुपयांच्या गोळीलाही गिऱ्हाईक क्यूआर स्कॅन करतं. इथे मात्र चार वॉलेटमध्ये थोडे थोडे पैसे अडकून पडलेत. यंत्रावर साधा यूपीआयचा कोड लावायला कोणाची हरकत आहे? काही ठिकाणी तो दिसू लागलाय, सगळीकडे हवा.

चार्जिंग स्टेशन काढायला वीज विक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्राने २०१८ मध्येच स्पष्ट केलं. म्हणून असा हॉटेलवालाही यंत्र बसवू शकतो. माझ्या मते हायवेवर ही कामं अशाच लोकांकडे जायला हवीत. त्यांच्याकडे दिवे असतात, पाणी असतं, रात्री जागा माणूस असतो. या मालकांना एकच विनंती: यंत्रावर पत्र्याची शेड घाला. गन धरून पावसात उभं राहणं सुरक्षित असलं, तरी साडी भिजतेच.

परतताना तिथेच थांबलो तेव्हा दोन्ही गन लागलेल्या होत्या. एका गाडीच्या काचेवर चिठ्ठी, त्यावर मोबाइल नंबर. फोन केला तर बेळगावचे एक काका जेवणावरून उठून आले. “ऐंशी झालेत, घ्या तुम्ही,” म्हणत त्यांनी स्वतः गन काढून दिली. तेव्हापासून आमच्याही डॅशबोर्डवर तशी चिठ्ठी असते.