हजार वॅटचा अँप, एक अँपिअरचा फ्यूज

काकांनी घर बदलताना त्यांचे बुकशेल्फ स्पीकर मला देऊन टाकले. मागच्या पट्टीवर ८ ओम (विजेला होणारा रोध), ८६ डीबी (आवाजाची पातळी), १०० वॅट. स्पीकरला ताकद देणारा अँप, म्हणजे अँप्लिफायर, तेवढा घ्यायचा होता, म्हणून पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठली.

"दादा, शंभरचे स्पीकर ना? मग हा घ्या, हजार वॅट! आरामात चालेल, तापणारसुद्धा नाही."

खोक्यावर १००० वॅट ठळक, शेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा. मी विचारलं, आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद, किती? "शंभर-शंभर धरा." साडेपाच हजार रोख मोजले. हातात कच्ची पावती, त्यावर 'अँप १ नग'. वॉरंटी तोंडी.

दोन आठवडे मी खूश. हळू आवाजात कुठलाही अँप बरा वाजतो, तिथेच माणूस गाफील राहतो. मग एका रविवारी मित्र जमले, भीमसेनजींचे अभंग लावले, आवाज चढवला. पखवाजाची थाप फाटकी यायला लागली. म्हटलं, रेकॉर्डिंग जुनं असेल. तासाभरात टाळ ऐकूच येईनात. दोन्ही ट्वीटर, म्हणजे वरच्या पट्टीचा आवाज काढणारे छोटे स्पीकर, गेले होते.

दुकानदार म्हणतो, "अँपची ताकदच तेवढी आहे हो. तुम्ही फुल्ल केलात, तुमचे स्पीकर टिकले नाहीत." आणि मी मान डोलावून घरी आलो! साडेपाच हजारांपेक्षा हे मला जास्त लागलं.

ओळखीच्या रिपेअरवाल्याने मल्टीमीटर लावला, ट्वीटरची कॉइल ओपन, म्हणजे आतली तार जळून तुटलेली. मग त्याने अँपचं झाकण काढलं आणि हसायलाच लागला. आत १२-०-१२, ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर. म्हणजे टोकाटोकांत २४ व्होल्ट गुणिले ३ अँपिअर, सगळा मिळून ७२ व्हीए (व्होल्ट-अँपिअर, ढोबळमानाने वॅटच). त्यातून ८ ओमला चॅनेलमागे (डाव्या-उजव्या प्रत्येक स्पीकरला) दहा-बारा वॅट निघाले तरी खूप. फ्यूज पाहिला तर एक अँपिअरचा. २३० व्होल्टला एक अँपिअर म्हणजे भिंतीतूनच २३० वॅट आत येणार, हजार कुठून बाहेर पडणार? हा गुणाकार दुकानात उभ्या उभ्या करता आला असता.

माझे स्पीकर ८६ डीबीचे, म्हणजे एक वॅटला एक मीटरवर ८६ डीबी आवाज. आवाज ३ डीबीने वाढवायचा तर वॅट दुप्पट लागतात, १० डीबीने वाढवायचा तर दहापट. गाणं सरासरी दोन-तीन वॅटवर चाललेलं असतं, पण थाप पडली की क्षणभर तीस वॅट मागते. अँपकडे तेवढे नसले की सिग्नलच्या लाटेचा माथा सपाट कापला जातो. या कापलेल्या लाटेत वरच्या पट्टीचा कचरा भरपूर, आणि तो सगळा ट्वीटरच्या केसाएवढ्या बारीक कॉइलवर जातो. स्पीकर जळाले ते अँप कमी पडला म्हणून. दुकानदाराने नेमकं उलटं सांगितलं होतं.

अमेरिकेत अँपचे वॅट कसे मोजून सांगायचे याचा नियम १९७४पासून आहे. आपल्याकडे खोक्यावर सर्रास काहीही छापलेलं दिसतं. आता मी विचारतो: किती ओमला, दोन्ही चॅनेल एकदम चालवून किती, डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजातला बिघाड, किती टक्के? आणि अँप हातात उचलून बघतो. ट्रान्सफॉर्मरवाल्या अँपचं वजन सहसा खोटं बोलत नाही.

ट्वीटरची जोडी बावीसशेला पडली. मग सेकंडहँड अँप घेतला, ८ ओमला ६० वॅट आरएमएस, उचलताना कंबर बोलते. हजार वॅटवाला सोसायटीच्या वॉचमन काकांकडे आहे. रात्री त्यावर विविध भारती लागते, एकदम हळू.