रक्तपेढीसाठी दोन सिमचा बॅकअप राउटर: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

मिरजेतील एका खासगी रुग्णालयात वीज, शीतयंत्रणा आणि नेटवर्क यांची देखभाल माझ्याकडे आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही फायबरच्या जोडणीला पर्याय म्हणून दोन सिमचा औद्योगिक ४जी राउटर बसवला. उन्हाळ्यातले वळीव आणि जुलै-ऑगस्टचा पाऊस त्याने काढल्यामुळे आता त्याच्याविषयी खात्रीने काही लिहिता येईल असे वाटते. राउटरबद्दल माझी फारशी तक्रार नाही. मात्र मुख्य जोडणी ज्या कारणाने बंद पडते त्याच कारणाने पर्यायी जोडणीही बंद पडणार नाही ना, याची तपासणी विक्रेता करून देत नाही. ती आपणच करावी लागते, आणि हा अनुभव बराचसा त्या तपासणीचाच आहे.

आमची मुख्य गरज रक्तपेढीची. लाल पेशींच्या पिशव्या २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवाव्या लागतात, प्लेटलेट २० ते २४ अंशांना सतत हलत्या ठेवून जेमतेम ५ दिवस टिकतात, आणि गोठवलेला प्लाझ्मा उणे ३० अंश किंवा त्याखाली ठेवावा लागतो. प्रत्येक शीतपेटीला तापमान नोंदवणारे छोटे यंत्र जोडलेले आहे. ते दर ५ मिनिटांनी आकडा क्लाउडवर पाठवते, आणि मर्यादा ओलांडली की ड्युटीवरच्या तंत्रज्ञाला व मला संदेश येतो. पेटीवरचा भोंगा वेगळा आहे आणि तो इंटरनेटवर अवलंबून नाही, कधी असूही नये. परंतु रात्री तळमजल्यावरच्या बंद खोलीत वाजणारा भोंगा तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरना ऐकू येत नाही, म्हणून संदेशाची गरज. रस्त्याच्या कडेला खोदाई सुरू झाली की फायबर तुटते आणि शनिवारी दुपारी तुटलेली तार सोमवारी जोडली जाते, हा अनुभव सांगली-मिरजेत बहुतेकांनी घेतलेला असेल.

बाहेरची लाइन खरोखर कोणाला लागते, याची यादी खरेदीच्या आधी करावी असे मी सुचवेन, कारण ती अपेक्षेपेक्षा लहान निघते. व्हेंटिलेटर, खाटेजवळचे मॉनिटर आणि अतिदक्षता विभागातला मध्यवर्ती पडदा हे सारे आमच्याकडे इमारतीच्या आतल्या आतच चालते, बाहेरची लाइन गेली तरी त्यांना फरक पडत नाही. छाटणी केल्यावर आमच्या यादीत रक्तपेढीची नोंदयंत्रे, द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीची पातळी कळवणारे यंत्र आणि सीटी स्कॅन बाहेरच्या रेडिओलॉजिस्टकडे पाठवणारा संगणक एवढेच उरले. पहिल्या दोघांना लागणारा डेटा नगण्य आहे. एका नोंदीला अर्धा किलोबाइट धरला, तर १० यंत्रांचा मिळून दिवसाला दीड मेगाबाइटही होत नाही. त्यांच्यासाठी ४जीमधला कॅट-१ हा साधा प्रकार, ज्याची कमाल क्षमता डाउनलोडला १० आणि अपलोडला ५ मेगाबिट प्रतिसेकंद असते, तो भरपूर झाला. सीटी स्कॅनमुळे आम्ही कॅट-४ हा त्याहून वेगवान प्रकार घेतला. तरीही ३०० मेगाबाइटचा स्कॅन प्रत्यक्षात मिळणाऱ्या ४ मेगाबिटच्या अपलोडने जायला १० मिनिटे घेतो, हे रेडिओलॉजी विभागाला आधीच सांगून ठेवलेले बरे. विक्रेत्याने ५जी राउटरचा बराच आग्रह धरला होता. किंमत दुपटीच्या वर होती आणि आमच्या यादीतल्या एकाही यंत्राला त्याचा उपयोग नव्हता.

राउटर फायबरवरून सिमवर जातो कसा, हे समजून घेणे आवश्यक आहे. तार राउटरपासून सुटली तर ते त्याला लगेच कळते, पण तसे क्वचितच घडते. बहुतेक वेळा तार दोन किलोमीटरवर तुटलेली असते, भिंतीवरचा फायबरचा डबा चालू असतो, त्याच्याकडून राउटरला येणारी केबलही जिवंत दिसते आणि पलीकडे मात्र काहीच जात नसते. म्हणून राउटरला ठरावीक अंतराने बाहेरच्या पत्त्यांवर पिंग करून उत्तर येते की नाही हे पाहायला सांगावे लागते. विक्रेत्याच्या माणसाने एकच पत्ता घातला होता आणि तो कंपनीने दिलेला तसाच ठेवला होता. तो एक सर्व्हर काही काळ उत्तर देईनासा झाला, तर लाइन चांगली असूनही राउटर सिमवर उडी मारेल. आम्ही वेगवेगळ्या संस्थांचे दोन पत्ते घातले. दोन्हीकडून सलग तीनदा उत्तर आले नाही तरच बदल करायचा, आणि फायबर परत आल्यावर ते १० मिनिटे सलग टिकले तरच माघारी यायचे, असे ठरवून दिले. ही दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. जोडणारा कामगार तिकडे तार हलवत असताना लाइन येत-जात राहते, आणि अट नसेल तर राउटरही तिच्यामागे इकडून तिकडे धावत राहतो. प्रत्येक बदलात बाहेरचा पत्ता बदलतो आणि चालू असलेले संपर्क तुटतात, ते वेगळेच.

आमच्या मांडणीत फायबरवरून सिमवर जायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागते. तापमानाच्या नोंदींना हा वेळ काहीच नाही, कारण नोंदयंत्राला स्वतःची स्मृती आहे आणि राहिलेले आकडे ते नंतर पाठवते. ही सोय नसलेले नोंदयंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, कारण अन्न व औषध प्रशासनाच्या तपासणीत तापमानाच्या नोंदीतली पोकळी समजावून सांगणे अवघड जाते. व्हिडिओवर चालू असलेला सल्ला मात्र तुटतो.

आता दोन सिमबद्दल. जाहिरातीत दोन सिम असे ठळक लिहिलेले असते, परंतु आमच्या प्रकारच्या राउटरमध्ये मोडेम, म्हणजे मोबाइल जाळ्याशी जोडणारा भाग, एकच असतो आणि एका वेळी एकच सिम चालू असते. पहिले सिम निकामी ठरवून दुसरे नोंदवायला त्याला आणखी मिनिटभर तरी लागते. यापेक्षा मोठा प्रश्न असा की दोन कंपन्यांची सिम घेतली म्हणजे दोन वेगळे रस्ते मिळाले, असे समजता येत नाही. आपल्याकडे एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांची उपकरणे असणे अगदी सामान्य आहे. त्या टॉवरची वीज गेली आणि बॅटरी उतरली की दोन्ही सिम एकदमच मूक होतात. टॉवरकडे जाणारी फायबर तुमच्या मुख्य लाइनच्याच चरातून गेली असेल, तर एका जेसीबीने तिन्ही वाटा बंद होऊ शकतात. राउटरच्या पडद्यावर सेल आयडी (टॉवरवरच्या उपकरणाची ओळख), बँड (वापरातली वारंवारता) आणि सिग्नलचे आकडे दिसतात. आम्ही अँटेना वेगवेगळ्या दिशांना फिरवून प्रत्येक सिमचा सिग्नल कुठून जोरात येतो हे लिहून काढले, आणि निवडलेली पहिली दोन सिम एकाच दिशेच्या एकाच टॉवरवर असल्याचे त्यातून लक्षात आले. एक सिम बदलून तिसऱ्या कंपनीचे घेतले, त्याचा सिग्नल थोडा कमी आहे, पण तो दुसऱ्या बाजूच्या टॉवरवरून येतो. पावसाळ्यात एका सायंकाळी भागातली लाइट बराच वेळ गेली, तेव्हा फायबर आणि पहिले सिम पाठोपाठ गेले आणि या कमी सिग्नलच्या सिमनेच नोंदी पोचवल्या.

कंपन्या वेगळ्या असाव्यात हे तर आहेच. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडात रॉजर्सचे संपूर्ण जाळे बंद पडले आणि त्याच्याबरोबर देशातले डेबिट कार्डचे व्यवहारही अडले. ८ नोव्हेंबर २०२३ रोजी ऑस्ट्रेलियात ऑप्टसचे तसेच झाले आणि रुग्णालयांच्या फोनलाइनही गेल्या. अशा वेळी त्या कंपनीचे फायबर आणि त्याच कंपनीचे सिम असलेल्याला बॅकअप असून नसल्यासारखाच. आमच्याकडेही फायबर ज्या कंपनीचे, तिचेच सिम सवलतीत मिळत होते. ते नाकारले.

विजेचा विचार राउटरइतकाच करावा. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले होते, जिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. शहराच्या मोठ्या भागातला वीजपुरवठा तेव्हा बंद ठेवावा लागला. रुग्णालयाला जनरेटर असतो, पण तो चालू होईपर्यंतच्या काही सेकंदांत राउटर बंद पडून पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे घेतो, आणि वीज गेल्याचा संदेश नेमका त्याच वेळी जायला हवा असतो. म्हणून राउटर, नोंदयंत्रांचा गेटवे (त्यांचे आकडे गोळा करून पुढे पाठवणारा डबा) आणि या दोघांच्या केबली जोडणारा मधला स्विच हे तिन्ही १२ व्होल्टच्या स्वतंत्र बॅटरीवर घेतले. त्यांची एकत्रित गरज १५ वॅटच्या आसपास आहे, त्यामुळे लहान बॅटरीही काही तास टिकते. स्विच विसरला जातो, हे मी दुसऱ्या दोन ठिकाणी पाहिले आहे: राउटर चालू, नोंदयंत्रे चालू आणि मधला डबा अंधारात.

अँटेना गच्चीवर लावली. खिडकीजवळ उणे १०८ डीबीएमच्या आसपास असलेला सिग्नल तिथे उणे ९० पर्यंत सुधारला (हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरात). विक्रेत्याने आणलेली पातळ केबल मात्र परत पाठवली. १८०० मेगाहर्ट्झला अशा केबलच्या प्रत्येक मीटरमागे सिग्नल झिजतो, आणि १५ मीटरची पातळ केबल घातली तर गच्चीवर मिळवलेले बरेचसे जिन्यातच संपते. आम्ही राउटरच वरच्या मजल्यावरच्या पेटीत नेला आणि खाली साधी नेटवर्कची केबल आणली. वळवाच्या विजांचा विचार करून अँटेनेच्या वाटेत अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारे साधन) बसवला आहे आणि तो इमारतीच्या अर्थिंगला जोडला आहे. तो नसता तर काय झाले असते, हे सांगता येणार नाही. शेजारच्या इमारतीतले सीसीटीव्हीचे दोन रेकॉर्डर मे महिन्यात जळाले, एवढे खरे.

सिमकार्डांची व्यवस्था हा सर्वांत कंटाळवाणा भाग आहे आणि बहुतेक बॅकअप जोडण्या तिथेच मरतात असे माझे मत आहे. प्रीपेड सिम ९० दिवस वापरले नाही आणि त्यात २० रुपयांपेक्षा कमी शिल्लक असेल, तर कंपनी ते बंद करू शकते. बॅकअपचे सिम तर स्वभावतःच न वापरलेले असते. आम्ही संस्थेच्या नावावर यंत्रांसाठीची एम-टू-एम सिम घेतली. त्यांना १३ अंकी क्रमांक असतो आणि ती कोणाच्या मोबाइलशी बांधलेली नसतात, त्यामुळे नोकरी सोडून गेलेल्या माणसाबरोबर सिमही गेले असा प्रकार होत नाही. या सिमवरून संदेश फक्त आधी नोंदवलेल्या क्रमांकांनाच जातात. तंत्रज्ञ बदलला की कंपनीला पत्र द्यावे लागते आणि त्याला वेळ लागतो. ज्यांच्याकडे अजून २जीवर चालणारे जुने अलार्म डायलर (धोक्याच्या वेळी आपोआप फोन लावणारी यंत्रे) आहेत, त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की जिओचे जाळे सुरुवातीपासून २जीविना आहे, त्यामुळे त्या डायलरमध्ये ते सिम चालणार नाही. मोबाइल जाळ्यावर आपल्याला सहसा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही, त्यामुळे बाहेरून थेट राउटरमध्ये शिरता येत नाही. आमचा राउटर स्वतःच आतून बाहेर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरची सुरक्षित खासगी वाट, उघडतो आणि मी त्यातून आत जातो. सुरक्षेच्या दृष्टीनेही हेच बरे.

सिमवर असताना कोणाला बाहेर जाऊ द्यायचे, याचे नियम वेगळे ठेवावे लागतात. विक्रेत्याच्या मूळ मांडणीत सर्वांनाच वाट मोकळी होती, आणि पहिल्या चाचणीत सीसीटीव्हीचे क्लाउड रेकॉर्डिंग आणि स्वागतकक्षातल्या संगणकांचे अपडेट यांनी दिवसभराचा डेटा दुपारच्या आत संपवला. आता सिमवर गेल्यावर यादीतली तीन प्रकारची यंत्रेच बाहेर जाऊ शकतात. यावरून प्रशासन विभागाची थोडी नाराजी झाली, ती अजून आहे.

हाच राउटर कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीजवळ बेदाण्याचे शीतगृह चालवणाऱ्या एका परिचितांनी माझ्या सांगण्यावरून घेतला. तिथली गोष्ट निराळी निघाली. शीतगृहाच्या भिंती दोन्ही बाजूंनी पत्रा आणि मध्ये फोम असलेल्या पफ पॅनलच्या असतात आणि आत कोणत्याही कंपनीची रेंज शून्य असते, त्यामुळे आतल्या संवेदकात सिम घालण्याचा विचारच सोडावा लागला. संवेदकांच्या तारा आरएस-४८५ वर (कारखान्यांत लांब अंतरावर आकडे नेणारी तारेची पद्धत) बाहेरच्या कंट्रोल पॅनलपर्यंत आणल्या आणि राउटर तिथे बसवला. मात्र कॉम्प्रेसरच्या मोठ्या मोटारी सुरू होताना तो वरचेवर रीस्टार्ट होत असे. वेगळा वीजपुरवठा दिल्यावर ते थांबले. शीतगृहात माल मोठा असतो आणि तापमान हळू चढते, त्यामुळे तिथे एकच सिम आणि रोज सकाळी तपासणी एवढ्यावरही भागेल, असे मी त्यांना सांगितले आहे. दुसऱ्या सिमचा खर्च त्यांना करू दिला नाही.

न आवडलेल्या गोष्टी थोड्या आहेत. राउटरच्या सेटिंग्जचे पडदे केवळ इंग्रजीत आणि तज्ज्ञांसाठी लिहिलेले आहेत. रात्रपाळीच्या तंत्रज्ञाला सिम चालू आहे की फायबर, हे एका दृष्टीत कळेल असा दिवा नाही, म्हणून आम्ही राउटरच्या रिलेच्या (बाहेरचे यंत्र चालू-बंद करणाऱ्या खटक्याच्या) आउटपुटवर एक पिवळा दिवा जोडून रक्तपेढीच्या दारावर लावला. फर्मवेअरच्या (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या) एका अपडेटनंतर पिंगच्या अटी मूळच्या झाल्या होत्या, तेव्हापासून अपडेट करण्याआधी सेटिंग्जची प्रत जपून ठेवतो. महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी फायबरची केबल हाताने काढून ठेवतो, दोन्ही सिमवर आळीपाळीने एकेक तास चालवतो आणि एका शीतपेटीचा संवेदक बाहेर काढून संदेश खरोखर कोणाकोणाला पोचला, हे विचारून घेतो. या चाचणीमुळे सिमही वापरात राहते.

राउटर, अँटेना, अरेस्टर आणि बॅटरी मिळून आमचा खर्च २५,००० रुपयांच्या आसपास झाला, आणि दोन्ही सिमचे मासिक बिल एका साध्या ब्रॉडबँडच्या बिलापेक्षा कमी येते. पुढच्या वर्षी एकाच राउटरमधले दुसरे सिम काढून ते इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, स्वतंत्र मोडेम असलेल्या साध्या कॅट-१ गेटवेमध्ये घालण्याचा प्रस्ताव मी दिला आहे. सध्याचा राउटरच बिघडला तर फायबर आणि दोन्ही सिम एकदम जातात, ही उणीव अजून शिल्लक आहे.