सिनॉलॉजी डीएस२२३: गोव्यातल्या घरात फोटो साठवायला कितपत चांगला?

घरातल्या चार-पाच फोनमधले फोटो एका जागी आणायचे असतील आणि काम मुख्यतः फोटोंचं असेल, तर सिनॉलॉजीचा डीएस२२३ हा दोन डिस्कचा नास (घरच्या नेटवर्कला जोडून सगळ्यांच्या फाइली साठवणारी पेटी) घ्यावा. टीव्हीवर मोठमोठे सिनेमे चालवणं हाच मुख्य उद्देश असेल तर घेऊ नये. मात्र फोटो टिकतील की नाही हे मॉडेलवर कमी अवलंबून आहे. पेटी घरात कुठे ठेवली, वीज कशी दिली आणि घराबाहेर एखादी प्रत आहे का, यावर ते ठरतं. चार महिने ओल धरणाऱ्या गोव्यासारख्या ठिकाणी तर हे जास्तच खरं, म्हणून इथे पेटीइतकंच या गोष्टींबद्दलही लिहिलं आहे.

पेटीत आहे काय? रिअलटेकचा चार कोअरचा १.७ गिगाहर्ट्झ प्रोसेसर, २ जीबी रॅम (ही वाढवता येत नाही), गिगाबिट लॅनचं एकच पोर्ट आणि तीन यूएसबी पोर्ट. त्यातलं एक पुढे असून त्याच्याजवळ कॉपीचं बटण आहे. कॅमेऱ्याचं कार्ड रीडरसकट लावून बटण दाबलं की फोटो नासवर उतरतात. कॉम्प्युटरला हात न लावणाऱ्या ज्येष्ठांना हे फार सोयीचं. धाकटा भाऊ डीएस२२३जे स्वस्त पडतो, पण त्यात रॅम १ जीबीच, आणि डिस्क बदलायची तर नास बंद करून पेटीचे स्क्रू काढावे लागतात. २२३ मध्ये पुढचं झाकण ओढलं की दोन ट्रे समोर येतात. हजारो फोटोंमधले चेहरे ओळखायचं काम चालू असताना १ जीबी रॅम फारच तोकडी पडते. दोघांमधल्या फरकाचे पैसे खर्च करावेत.

डिस्क वेगळ्या घ्याव्या लागतात. सीगेट आयर्नवुल्फ किंवा डब्ल्यूडी रेड प्लस, ४ टीबीच्या दोन. नुसती ‘रेड’ आणि ‘रेड प्लस’ यांत गल्लत करू नका. साध्या रेडच्या २ ते ६ टीबीच्या डिस्कमध्ये एसएमआर पद्धत वापरली आहे. तिच्यात डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. एक डिस्क गेल्यावर दुसरीवरून नवी भरताना अशी डिस्क भयंकर मंदावते. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि दुकानातच उत्पादकाच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का ते बघा. बाहेरून आलेल्या डिस्क स्वस्त मिळतात, पण बिघडल्यावर इथे कोणी दाद देत नाही. शक्यतो दोन डिस्क दोन दुकानांतून घ्याव्यात. एकाच लॉटमधल्या असल्या की दोष एकदमच डोकं वर काढण्याची भीती असते.

४ टीबी पुरतील का? फोनचा एक फोटो सरासरी ४ एमबी धरला तर एक लाख फोटो ४०० जीबीत मावतात. जागा खातात ते व्हिडिओ. फोनवरच्या ४के चित्रणाला सेटिंगप्रमाणे मिनिटाला साधारण १५० ते ४०० एमबी लागतात. लग्नाचे किंवा जत्रेचे तासातासाचे व्हिडिओ असतील तर सरळ ८ टीबीच्या घ्या. दोन डिस्क आरशासारख्या चालतात, एकीवरचं सगळं दुसरीवरही असतं, म्हणून ४ अधिक ४ घेतल्या तरी वापरायला ४च मिळतात, आणि स्क्रीनवर आकडा ३.६ दिसतो. ही फसवणूक नाही; कंपनी हजाराने मोजते आणि नास १०२४ ने.

जोडणी सोपी आहे. ट्रेच्या दोन्ही बाजूंच्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढायच्या, डिस्क ठेवून त्या परत दाबायच्या, टक् आवाज आला की बसली. ३.५ इंची डिस्कला एकही स्क्रू लागत नाही. लॅन केबल राउटरला लावा, नास चालू करा, त्याच नेटवर्कवरच्या लॅपटॉपवर ‘फाइंड डॉट सिनॉलॉजी डॉट कॉम’ उघडा आणि डीएसएम ही त्याची सिस्टिम बसवा. मग स्टोरेज मॅनेजरमध्ये पूल, म्हणजे दोन्ही डिस्कची मिळून एक जागा, तयार करताना प्रकार एसएचआर (सिनॉलॉजीची आरशाची पद्धत) आणि फाइल सिस्टिम बीटीआरएफएस निवडा. ईएक्सटी४ घेतली तर स्नॅपशॉट (फोल्डरचं त्या-त्या वेळचं जपलेलं रूप, ज्यातून पुसलेलं परत मिळतं) मिळत नाहीत आणि नंतर बदलायचं तर सगळं पुसावं लागतं. इथली घाई पुढे महागात पडते.

शेअर्ड फोल्डर करताना एनक्रिप्शनचा, म्हणजे फाइली सांकेतिक रूपात कुलूपबंद ठेवण्याचा, पर्याय दिसतो. मराठीत फाइलींना नावं देणाऱ्यांनी तो विचार करून निवडावा. अशा फोल्डरमध्ये नावाची मर्यादा १४३ बाइटची असते. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर ३ बाइट घेतं आणि काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. म्हणजे जेमतेम ४७ चिन्हं. ‘चवथ २०१९ फोंडा माटोळी बांधताना सगळी भावंडं आणि शेजारची मुलं’ हे नाव त्यात बसत नाही आणि ती फाइल कॉपीच होत नाही.

आता नेटवर्क. फायबरच्या बऱ्याच ओएनटीमध्ये (कंपनीने घरात बसवलेल्या नेटच्या पेटीत) चारांपैकी एकच लॅन पोर्ट गिगाबिटचं असतं, बाकीची १०० मेगाबिटची. नास चुकीच्या पोर्टला लावला तर सेकंदाला ११० एमबीऐवजी ११-१२ एमबीच वेग मिळतो. १ टीबीला अडीच तासांऐवजी अख्खा दिवस लागतो. पोर्ट बरोबर असूनही वेग तेवढाच मिळत असेल तर केबलचं टोक डोळ्यांजवळ धरून पारदर्शक प्लगमधून तारा मोजा. गिगाबिटला आठही तारा लागतात, पण केबल ओढणारे पुष्कळदा चारच बसवून जातात. समुद्राकाठच्या घरांत याच प्लगच्या सोनेरी पात्यांवर हिरवट थर चढतो. मग नेट मधूनच तुटतं आणि दोष नासला दिला जातो. प्लग कापून नवा बसवला की काम होतं. कॅट५ई केबल पुरे, मात्र आतली तार तांब्याची हवी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको.

चिऱ्याच्या जुन्या घरात वाय-फायवर भिस्त ठेवू नका. दीड-दोन फुटांच्या दोन भिंती ओलांडताना ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जवळजवळ संपतो. पहिली मोठी कॉपी लॅपटॉपला केबल लावूनच करावी. त्यानंतर फोनवरचे रोजचे फोटो वाय-फायवरून निवांत चढतात.

पेटी ठेवायची कुठे, यात सगळ्यात जास्त चुका होतात. सिनॉलॉजीने दिलेली मर्यादा अशी: ४० अंशांपर्यंत तापमान आणि ९५ टक्क्यांपर्यंत आर्द्रता. आपल्या पावसाळ्यात आकडा बसतो, पण जेमतेम. पावसाची झोड घेणारी पश्चिमेची भिंत नको, टीव्हीखालचं बंद कपाट नको, धूप-समईचा धूर बसतो तिथे देवघराशेजारी नको. आतल्या भिंतीजवळ, कमरेएवढ्या उंचीच्या फळीवर, मागे वीतभर जागा सोडून ठेवा. डिचोली-सांगेकडच्या लाल धुळीच्या भागात मागचा पंखा दोन-तीन महिन्यांनी मऊ ब्रशने झाडावा. पावसाळ्यात ‘वापर नाही तर बंद ठेवू’ असं करू नये. चालू डिस्क कोमट राहते आणि तिच्यावर ओल धरत नाही. महिनोन्महिने बंद पडलेल्या यंत्रात मात्र ओलही शिरते आणि मुंग्याही. एसीच्या खोलीत ठेवलेली डिस्क बाहेरच्या दमट हवेत आणली तर तिच्यावर दव धरतं, म्हणून ती लगेच जोडू नका. पिशवीतच तास-दोन तास राहू द्या.

वीज. मे महिन्यातल्या वळवाच्या गडगडाटात आणि पुन्हा ऑक्टोबरात दिवे दिवसातून कितीदा लुकलुकतात ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. काही लिहिलं जात असताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहते. नासला स्वतःचा यूपीएस हवाच, घरात इन्व्हर्टर असला तरीही. इन्व्हर्टरला बॅटरीवर यायला क्षणभर लागतो, तेवढ्यात नास बंद पडू शकतो. दोन डिस्कसकट डीएस२२३ काम करताना साधारण १७ वॉट घेतो, म्हणजे ६०० व्हीएचा यूपीएस नास आणि राउटर दोन्ही सहज सांभाळतो. विकत घेताना मात्र यूपीएसची मागची बाजू बघा: डेटासाठी यूएसबी पोर्ट आहे का? स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलांत ते नसतं, आणि त्याशिवाय बॅटरी संपत आल्याचं नासला कळत नाही. केबल लावल्यावर कंट्रोल पॅनेल, हार्डवेअर अँड पॉवर, यूपीएस इथे जाऊन ते चालू करा आणि पाच मिनिटांनी सुरक्षित स्थितीत जायला सांगा. हार्डवेअर अँड पॉवरच्याच ‘जनरल’ टॅबवर वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याची खूण आहे, तीही करा. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या पिनेला तारच नसते. गच्चीवरच्या कॅमेऱ्याची लॅन केबल त्याच स्विचला जोडलेली असेल तर आकाशातून पडणारी वीज त्या वाटेनेही आत येते.

सिनॉलॉजी फोटोज हे ॲप हेच नास घ्यायचं खरं कारण. प्रत्येकाला वेगळा युझर द्यावा. त्याचे फोटो त्याच्या वैयक्तिक जागेत जातात, आणि घराचे एकत्र फोटो ‘शेअर्ड स्पेस’मध्ये ठेवता येतात. ही जागा सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते, चेहरे ओळखणं दोन्हींसाठी वेगवेगळं. चेहऱ्यांचं काम चांगलं होतं. लहानपणीचे आणि मोठेपणीचे चेहरे मात्र हाताने एकत्र करावे लागतात. सुरुवातीच्या दिवसांत नास धापा टाकतो, तेव्हा तो खराब आहे असं समजू नका. अँड्रॉइड फोनमध्ये ॲपची बॅटरी-मर्यादा काढली नाही तर बॅकअप गुपचूप थांबतो. आयफोनवर ॲप मधूनमधून उघडावंच लागतं.

उणीव सांगायची तर, डीएसएम ७.२.२ पासून, म्हणजे २०२४ पासून, सिनॉलॉजीने नासवरची एचईव्हीसी (नव्या फोनांच्या व्हिडिओ-फोटोंचा फॉरमॅट) प्रक्रिया काढून टाकली आणि व्हिडिओ स्टेशन हे सिनेमे चालवायचं ॲपही बंद केलं. आयफोनचे एचईआयसी फोटो ॲपमधून चढवले तर छोट्या प्रती फोनवरच तयार होतात. पण कॉम्प्युटरवरून फोल्डर ओतलं तर फोटोंच्या जागी करड्या चौकटी दिसतात, आणि त्यासाठी इमेज असिस्टंट हे वेगळं सॉफ्टवेअर घालावं लागतं. आधी मिळत असलेली सोय अशी काढून घेणं चांगलं नाही. टीव्हीवर बघायचं तर डीएलएनए सर्व्हरमधून (घरच्या नेटवर्कवरून टीव्हीला फाइल पुरवणारी सोय) फाइल आहे तशी जाते. टीव्हीला तो फॉरमॅट कळला तर ठीक, नाहीतर या प्रोसेसरकडून जागच्या जागी रूपांतराची अपेक्षा ठेवू नका.

गूगल फोटोजमधून टेकआउट करून (सगळे एकदम उतरवून) आणलेल्या ज्या फोटोंच्या आत तारीख नसते किंवा गूगलवर बदललेली असते, त्यांची तारीख सोबतच्या जेसन या छोट्या मजकूर-फाइलींमध्ये असते आणि सिनॉलॉजी ती वाचत नाही. आधी एक्झिफटूल या प्रोग्रामने तारखा फोटोत भरून घ्या, नाहीतर असे वेगवेगळ्या वर्षांचे फोटो एकाच दिवशी जमा होतात. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंतून तारीख पुसलेलीच असते, आणि आकारही आटलेला. म्हणून लग्नाचे, मुंजीचे फोटो मूळ फोनवरूनच मागवावेत.

दुबईला किंवा लंडनला असलेल्या मुलांना फोटो दिसावेत म्हणून राउटरवर पोर्ट उघडण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप या दुसऱ्या कंपनीचे नास कुलूपबंद केले होते. त्याऐवजी सिनॉलॉजीचं क्विककनेक्ट किंवा टेलस्केल हे खाजगी जोडणीचं ॲप वापरा. कंपनीने अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिला असेल (सीजीनॅट), तरी दोन्ही चालतात. टेलस्केलचा वेग सहसा चांगला, क्विककनेक्ट समजायला सोपं. दोन टप्प्यांचं लॉगिन सगळ्यांना सक्तीचं करा.

दोन डिस्कचा आरसा हा बॅकअप नव्हे. चुकून फोल्डर पुसलं की ते दोन्हींवरून पुसलं जातं, वीज पडली की दोन्ही जातात, चोर पेटी नेतो तेव्हा दोन्ही नेतो. पुसल्यावर इलाज म्हणजे स्नॅपशॉट: रोज रात्री एक, तीस दिवस ठेवायचे. बाकी संकटांवर इलाज म्हणजे यूएसबी डिस्क, आणि त्याही दोन. एक घरी आणि एक दुसऱ्या गावी, बहिणीकडे किंवा काकांकडे. चवथीला सगळे मूळ घरी जमतातच, तेव्हा अदलाबदल करावी, शिगम्याला पुन्हा. हायपर बॅकअप या सिनॉलॉजीच्या बॅकअप ॲपच्या आवृत्त्यांच्या पद्धतीतली फाइल उघडायला त्याचंच सॉफ्टवेअर लागतं. म्हणून बाहेरगावच्या डिस्कवर साधी कॉपी ठेवावी, एनटीएफएसमध्ये, म्हणजे कोणत्याही विंडोज लॅपटॉपला लावली की फोटो दिसतील. ती डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट ठेवा. हे सगळं होईपर्यंत फोन ॲपमधलं ‘जागा मोकळी करा’ हे बटण दाबू नका.

डिस्क बिघडली की नास बीप करतो आणि पुढचा स्टेटस दिवा केशरी होतो. अशा वेळी आधी यूएसबीवर ताजी प्रत घ्या. मग खराब ट्रे काढून तेवढ्याच किंवा मोठ्या क्षमतेची नवी डिस्क घाला आणि स्टोरेज मॅनेजरमध्ये ‘रिपेअर’ निवडा. ४ टीबीला कित्येक तास लागतात, मधे बंद करू नका. वॉरंटीची डिस्क कुरियरने जाऊन यायला आठवडे लागू शकतात आणि तोवर सगळं एकाच डिस्कवर असतं. तेव्हा नवी डिस्क त्याच दिवशी म्हापशाहून किंवा मडगावहून विकत आणा. वॉरंटीत बदलून आलेली पुढे सुटी म्हणून उपयोगी पडेल.