पुरात मतदार कार्ड गेलं तर मतदार सेवा पोर्टल किती कामाचं?

२५ जुलै २०२४ ला पुण्यात खडकवासला धरणाचा विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. घरातली कागदपत्रं भिजून गेल्यावर निवडणूक आयोगाचं हे पोर्टल कितपत साथ देतं, एवढंच इथे पाहिलं आहे.

हरवलेल्या कार्डापुरतं ते उत्तम आहे. पोर्टलवरचा फॉर्म ८ उघडून बदली ओळखपत्राचा पर्याय निवडायचा आणि छापील कार्ड हातात येईपर्यंत ई-एपिकची, म्हणजे डिजिटल मतदार कार्डाची, पीडीएफ उतरवून ठेवायची. अडतं ते ओटीपीपाशी. फोनही पाण्यात गेला असेल तर आधी त्याच नंबरचं सिम परत घ्या, मग फॉर्मला हात लावा. एपिक क्रमांक (मतदार कार्डावरचा नंबर) आठवत नसेल आणि स्पेलिंगच्या घोळामुळे नावानंही शोध लागत नसेल, तर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या क्रमांकावरून यादीचा भाग क्रमांक काढा आणि त्या भागाच्या यादीत स्वतःचं नाव पाहा. कार्ड वेळेत आलं नाही तरी यादीत नाव असलं की आधार, पॅन, लायसन्स किंवा फोटो असलेलं बँकेचं पासबुक चालतं. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) देतात ती मतदार चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही.

घर सोडावं लागलेल्यांना मात्र पोर्टल वाऱ्यावर सोडतं. फॉर्म ८ मधलं स्थलांतर हे मुक्काम कायमचा हलवणाऱ्यांसाठी आहे. महिनाभर हडपसरला बहिणीकडे राहिलेल्यानं ते भरू नये, कारण तात्पुरत्या गैरहजेरीनं रहिवास तुटत नाही, असं १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० सांगतं. हे फॉर्मवरच ठळक छापायला हवं. घरून मतदानाची सोय वय ८५ च्या पुढच्यांना आणि किमान ४० टक्के दिव्यांगांना आहे, पूरग्रस्त म्हणून नाही. म्हणजे जुन्याच केंद्रावर यायचं. वायनाडला २०२४ च्या पोटनिवडणुकीत दरडग्रस्तांसाठी वेगळी केंद्रं आणि मोफत बस होत्या. पुण्यातही तशी तयारी आधीपासून हवी.

ऐन मतदानात पाणी आलं तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ५७ नुसार मतदान तहकूब होतं आणि पुढच्या तारखेला राहिलेल्यांनीच मत द्यायचं असतं. मतदान यंत्रच निकामी होऊन कलम ५८ खाली फेरमतदान लागलं, तर सगळ्यांनी पुन्हा जायचं. नवी तारीख आणि केंद्र १९५० या हेल्पलाइन नंबरवर विचारून घ्या.

उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर यादीत बदल होत नाही, तेव्हा फॉर्म पाणी ओसरताच भरा. महापालिकेच्या मतदानाचं केंद्र या पोर्टलवर शोधू नका. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोगाची, केंद्रांची यादीही त्यांचीच.